फळ्या काढायचा दिवस

हिबिनोंसारखा नाकासमोर चालणारा माणूस आयुष्यात एकदाच उलटा चालला, आणि तोही नेमका त्या बुधवारी.

एरवीचा त्यांचा बुधवार ठरलेला. सकाळी नऊच्या गाडीने इवानारीच्या छोट्या स्टेशनवर उतरायचं, अस्वलं दूर राहावीत म्हणून पाठपिशवीला बांधलेली घंटी एकदा हलवून बघायची आणि घळीच्या वाटेने नदीच्या कडेकडेने वर निघायचं. वाट अगदी सोपी. चढ म्हणावा असा चढ नाही, आणि जिथे कडा थेट पाण्यात उतरतो तिथे लाकडी फळ्यांची वाट बांधून कठडा लावलेला. बालवाडीची पोरंसुद्धा रांगेने जातात. तासाभराने झुलता पूल लागतो, पुलावरून पलीकडच्या काठाला जायचं, आणखी तासाभराने वर युनोकुबो गाव. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकायचे, भाताचे दोन गोळे खायचे आणि दुपारच्या बसने घरी.

आपली माणसं मोठी गमतीची आहेत. गावात शेजारी समोर आला तर खाली मान घालून निघून जातील, पण डोंगराच्या वाटेला लागली की अनोळखी माणसालाही नमस्कार घालतात. नुसता नमस्कार नाही, त्याच्याबरोबर पुढच्या वाटेची खबर. वरून येणारा खालच्याला सांगतो, पुढे पानं निसरडी आहेत. खालचा वरच्याला सांगतो, वळणावर माकडं बसलीत, खाऊ दाखवू नका. हिबिनोंच्या बायकोला, कियोला, जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून आठवडाभरात जे काही चार शब्द त्यांच्या तोंडून निघत, ते या वाटेवर. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं ते मुलाला फोनवर सांगत. पण चालायला आठवड्याचे सातही दिवस मोकळे होते, आणि घराजवळ नदीकाठचा रस्ताही होता. तिथे मात्र कोणी नमस्कार करत नाही.

आणि झुलत्या पुलावर दर बुधवारी त्या बाई भेटत.

त्या युनोकुबोहून खाली यायच्या. डोक्यावर तांबडी लोकरीची टोपी, आणि घंटी जाड आवाजाची. खडकाआडून ती वाजली की हिबिनोंना माणूस दिसण्याआधीच कळायचं. पूल एका वेळी एकाच माणसापुरता. त्यामुळे एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने यायचं, एवढा साधा प्रश्न. पण हिबिनो म्हणत, "या, आधी तुम्ही," आणि पलीकडून हाताची खूण होई की नाही, आधी तुम्ही. मग हे दोन पावलं पुढे, त्या दोन पावलं पुढे, आणि दोघं पुन्हा मागे. एकदा तर हिबिनोंच्या मागे निवृत्त लोकांचं एक अख्खं मंडळ खोळंबलं. त्यातला एक जण म्हणाला, "आजोबा, तुमचं ठरलं की सांगा. आम्ही तोवर जेवून घेतो."

शेवटी कोणीतरी एक पार होई, आणि पुलाच्या टोकाशी दोन मिनिटं बोलणं होई. वर काय फुललंय, खाली किती पाणी आहे. एकदा बाईंनी घरी सुकवलेली पर्सिमनची फळं दिली. पुढच्या बुधवारी हिबिनोंनी संत्री नेली. तीन वर्षांत त्यांना एवढं कळलं की बाईंचा डावा गुडघा दुखतो, त्या एकट्या राहतात आणि त्यांना हिवाळा आवडत नाही. नाव माहीत नव्हतं. हिबिनोंनी अडतीस वर्षं घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचले होते. नाव दारावरच्या पाटीवर वाचायचं, विचारायचं नाही, आकडा लिहून घ्यायचा आणि कोणी चहा विचारायच्या आत फाटकाबाहेर पडायचं, ही त्यांच्या अंगात मुरलेली रीत. बाईंच्या कपाळावर पाटी नव्हती, म्हणून नाव राहून गेलं.

सप्टेंबरात हिबिनो न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण मुलाने, शुईचीने, नागोयाहून येऊन सगळं ठरवून टाकलं. "बाबा, आता एकटं राहणं पुरे." भाड्याचं घर शनिवारी मालकाला परत द्यायचं होतं. रविवारच्या गाडीचं तिकीट आलं होतं. कियोचा फोटो आणि दोन वाट्या एवढंच अजून खोक्याबाहेर होतं. हिबिनो मुलाला नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणायची सवय नसलेला माणूस ऐन सत्तरीत कुठून शिकणार?

आणि हा नोव्हेंबरातला शेवटचा बुधवार. बर्फाच्या वजनाने पूल तुटू नये म्हणून दरवर्षी या दिवशी दुपारी एकनंतर पुलाच्या फळ्या काढून ठेवतात. नुसत्या तारा लोंबत राहतात. एप्रिलच्या अखेरीला फळ्या परत बसवल्या की वाट उघडते. म्हणजे बाईंबरोबर चालायचं तर आजच. हिबिनोंना फार काही नको होतं. पुलावर समोरासमोर दोन मिनिटं नको, एकदा, एकाच दिशेने, शेजारी शेजारी चालायचं होतं. चालता चालता नाव विचारायचं होतं. आपण जाणार आहोत हे सांगायचं होतं. समोरून येणाऱ्या माणसाला असलं काही सांगता येत नाही, कारण तो निघून जाणारच असतो.

म्हणून त्यांनी बेत केला. आज गाडीने खाली जायचंच नाही. सकाळच्या पहिल्या बसने घाटाने सरळ वर युनोकुबोला जायचं, बाई जिथून निघतात तिथे बाकावर बसायचं, आणि त्या आल्या की म्हणायचं, आज मीही इकडूनच निघालोय, चालेल ना? बसमध्ये त्यांनी हे वाक्य इतक्या वेळा घोकलं की ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिलं. एका अरुंद वळणावर खाली जाणारी बस आली, तेव्हा यांची बस कडेला थांबली आणि ती निघून गेली. हिबिनो आपले मनातले मांडे खात बसले होते. त्यांनी तिच्या खिडक्यांकडे पाहिलंही नाही.

साडेआठपासून ते बसथांब्यावरच्या बाकावर बसले. बाजूला तोकुराचं दुकान होतं. तोकुरा विस्तव पेटवून मिसोची खारट चटणी लावलेल्या तांदळाच्या वड्या भाजत होता, आणि गिऱ्हाईक नसलं की त्याला दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायला आवडायचं.

"कोणाची वाट बघताय?" त्याने चहा आणून देत विचारलं.

"छे. पाय मोकळे करतोय."

"पाऊण तास बाकावर बसून?"

हिबिनो चहा प्याले. सव्वानऊ झाले. बाई याच वेळेला निघतात, हा त्यांचा हिशोब पुलावरच्या वेळेवरून होता. साडेनऊ झाले. पावणेदहा. शेवटी भाजलेली वडी विकत घेण्याच्या निमित्ताने ते उठले.

"इथून एक बाई जातात," ते वडीकडे बघत म्हणाले. "तांबडी टोपी घालतात."

"जातात की, दर बुधवारी. आज दिसल्या नाहीत अजून." तोकुराने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काही निरोप द्यायचाय का?"

"नको नको. सहज विचारलं."

निरोप द्यायचाच तर होता. पण भिडस्त माणसाला पटकन कोणी मदतीचा हात पुढे केला की तो आधी मागे सरकतो. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण भिकेला निदान हात तरी पुढे करावा लागतो. हिबिनोंना तेवढंही जमत नव्हतं.

सव्वादहाला ते एकटेच खाली निघाले. तीन वर्षांत ही वाट त्यांनी या बाजूने कधी पाहिली नव्हती, आणि ती वेगळीच वाट वाटत होती. एरवी नदी त्यांच्या अंगावर येई, आज ती त्यांना मागे टाकून पुढे पळत होती. मेपलची बहुतेक पानं गळून गेली होती. काही खडकांना चिकटली होती, काही डोहात एकाच जागी गोल गोल फिरत होती. पाणी हिरवं आणि इतकं स्वच्छ की तळातला दगड न दगड मोजावा. समोरून फक्त एक तरुण जोडपं आलं. "नमस्कार. खाली कामगार आलेत हां, एकला पूल बंद," मुलगी म्हणाली. हिबिनोंनी मान डोलावली. बाई आजारी असतील, असं त्यांच्या मनात आलं. गुडघा असेल. की पडल्या असतील आपल्यासारख्याच? घरात एकटं माणूस पडलं तर कळतं कोणाला? त्यांना फार एकटं वाटलं. कियो गेली त्या वर्षी वाटायचं तसं, छातीत काहीतरी थंड धरून ठेवल्यासारखं.

पूल वळणापलीकडे असताना त्यांना जाड आवाजाची घंटी ऐकू आली. आणि ती मागून नाही, समोरून येत होती.

बाई पुलाच्या खालच्या टोकाला उभ्या होत्या. स्टेशनच्या बाजूने आल्या होत्या. तांबडी टोपी हातात, चेहरा लाल झालेला. हिबिनोंना पाहून त्या दचकल्या, आणि मग घाईने वाकल्या. हिबिनोही वाकले. आधी तुम्ही, आधी तुम्ही न होता बाईच लगबगीने पूल ओलांडून आल्या. असं कधी झालं नव्हतं.

"आज उलटे?" बाई म्हणाल्या.

"हो, जरा बदल म्हणून. तुम्ही पण?"

"हो. बदल म्हणून."

खाली नदी गरजत होती. हिबिनोंना एकदम लख्ख कळलं, किंवा कळलंसं वाटलं. दर बुधवारी पुलावर गाठून बडबड करणारा हा म्हातारा नको, म्हणून बाईंनी निदान शेवटच्या दिवशी तरी दिशा बदलली. चोख हिशोब. मीटर वाचणाऱ्याला उगाच कोणी आत बोलवत नाही, आणि त्याने स्वतःहून तर मुळीच आत जाऊ नये.

"वर तिसऱ्या वळणावर पानं ओली आहेत. जपून," ते म्हणाले. ती वाट बाईंना झोपेतही पाठ होती.

"खाली पाणी कमी आहे," बाई म्हणाल्या. ते हिबिनोंना पाठ होतं.

"बरं. मग..."

"हो. थंडीची काळजी घ्या."

"तुम्ही पण."

हिबिनोंनी पूल ओलांडला. पलीकडे जाऊन एकदा मागे पाहिलं, तर बाई पाठमोऱ्या वर चालल्या होत्या. झालं. तीन वर्षं आणि एक बसचं तिकीट, सगळं पाण्यात. खालच्या तासाभराच्या वाटेत त्यांना काय काय दिसलं हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

स्टेशनसमोर सुए मावशींची टपरी होती. मावशी सत्तावीस वर्षं तिथे गरम नूडल्स विकत होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना झाडत होत्या.

"कुठे उलथला होतात?" त्यांनी हिबिनोंना बघताच सुरुवात केली. "नऊच्या गाडीने आला नाहीत, नऊ पन्नासच्या गाडीने आला नाहीत. मला वाटलं, गेलात वर, कियोच्या भेटीला."

"आज वरून आलो, मावशी."

"अस्सं. आणि ती बिचारी बाई इथे गारठून गेली."

हिबिनो मावशींनी पुढे केलेल्या वाटीकडे हात नेत होते, तो तिथेच राहिला. "कोण बाई?"

"तांबडी टोपीवाली. पहिल्या बसने उतरून, गाडी बदलून, आठ चाळीसपासून या बाकावर. नऊची गाडी आली, ती उठून उभी. कोणी नाही, बसली. पुढची गाडी आली, पुन्हा उभी. मी विचारलं, कोणी यायचंय का? तर म्हणे, दर बुधवारी एक गृहस्थ येतात, करड्या पाठपिशवीचे, आज त्यांच्याबरोबर इथूनच चालावं म्हटलं. मी म्हटलं, अगं, तो आमचा मीटरवाला! येईल की. पण तुम्ही कसले येताय. तुम्ही बसलात वर जाऊन."

हिबिनोंना घाटातली ती दुसरी बस आठवली. मग पुलावरचा तो लाल झालेला चेहरा आठवला. त्यांना वाटलं होतं, तो नाराजीने लाल आहे.

"किती वाजले?"

"साडेबारा. का?"

हिबिनोंनी पाठपिशवी पुन्हा खांद्याला अडकवली.

"अहो, नूडल्स! आणि एकला पूल बंद करतायत. डोकं फिरलंय का तुमचं?"

"तसंच समजा," हिबिनो म्हणाले. मावशींना इतक्या वर्षांत त्यांच्याकडून मिळालेलं हे पहिलं उलट उत्तर.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस धावत नाही, पण हिबिनो त्या वाटेने ज्या वेगाने गेले त्याला चालणं म्हणता येणार नाही. घंटी सारखी वाजत होती. वाटेत कोणीही नव्हतं. दोन ठिकाणी थांबून त्यांनी कठडा धरून श्वास घेतला, आणि दोन्ही वेळा मनाशी म्हणाले, त्या घरी गेल्या असतील, तू कशाला चाललायस? आणि पुन्हा चालू लागले.

पूल दिसला तेव्हा दीड वाजून गेला होता. मधल्या फळ्या निघाल्या होत्या. पुलाच्या मधोमध, कमरेचा पट्टा तारेत अडकवून, पिवळ्या टोपीचा एक कामगार तारांवर पाय देऊन उभा होता. दोन्ही काठांवर काढलेल्या फळ्यांच्या चळती होत्या. आणि पलीकडच्या चळतीशेजारी तांबडी टोपी होती.

तोकुराने नाक खुपसलं होतं, हे उघड होतं. हिबिनोंनी आयुष्यात पहिल्यांदा असल्या माणसाला मनातून आशीर्वाद दिला.

बाईंनी हात वर केला. काहीतरी म्हणाल्या. ओठ हललेले दिसले, पण मधे नदी होती आणि तिचा आवाज सगळं गिळत होता. हिबिनोंनी कानाला हात लावला. बाईंनीही लावला.

"आजोबा, परत फिरा," कामगार ओरडला. "पूल बंद झाला."

"पलीकडे यायचं नाही मला," हिबिनो म्हणाले. हे अर्धंच खरं होतं. "त्या बाईंना एक निरोप द्यायचाय. मधे आहात तर सांगाल का?"

कामगाराने कपाळावरची टोपी मागे सारली. "त्यापण हेच म्हणतायत, दहा मिनिटांपासून. मी म्हटलं, पलीकडे माणूसच नाहीये, सांगू कोणाला? आता ठरवा, कोणाचा आधी?"

'आधी त्यांचा' हे शब्द हिबिनोंच्या ओठांवर आलेच होते. ते त्यांनी गिळले.

"आधी माझा," ते म्हणाले. "सांगा, सकाळी मी वर त्यांच्यासाठी थांबलो होतो. बदल म्हणून नाही."

कामगाराने मान वळवून ते पलीकडे ओरडून सांगितलं. बाईंनी मान हलवली, काहीतरी उत्तर दिलं.

"माहीत आहे म्हणतायत. दुकानदाराने सांगितलं. आणि त्यापण खाली तुमच्यासाठीच थांबल्या होत्या म्हणे."

"मलाही माहीत आहे, सांगा."

"दोघांनाही सगळं माहीत आहे, मग माझा घसा कशाला सुकवताय?" कामगार म्हणाला, पण त्याने सांगितलं. बाई हसलेल्या हिबिनोंना दिसल्या. मग त्यांनी तोंडाला दोन्ही हात लावून कामगाराला काहीतरी मोठं वाक्य सांगितलं.

"विचारतायत, एप्रिलमध्ये वाट उघडली की तुम्ही कुठल्या बाजूने येणार? वरून की खालून? आधीच ठरवून ठेवा म्हणतायत, म्हणजे पुन्हा घोळ नको. त्या तुमच्याच बाजूला येऊन थांबतील."

खालून, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. बाई खूश होऊन घरी गेल्या असत्या, आणि आपल्याकडे अशा वेळी असंच म्हणतात, कोणाचं मन मोडत नाहीत. मग एप्रिलमध्ये त्या पहिल्या बसने घाट उतरल्या असत्या, गाडी बदलून मावशींच्या टपरीसमोर बाकावर बसल्या असत्या, आणि प्रत्येक गाडीला उठून उभ्या राहिल्या असत्या.

"आजोबा? काय सांगू?"

"सांगा," हिबिनो म्हणाले, "मी येणार नाही. रविवारी नागोयाला मुलाकडे चाललोय. कायमचा."

कामगार वळला आणि त्याने सांगितलं, पण या वेळी आवाज कमी केला होता. बाईंनी कानाला हात लावला. त्याला पुन्हा सांगावं लागलं, पूर्ण ताकदीने. "येणार नाहीत. कायमचे चाललेत." घळीच्या भिंतींनी ते परत केलं. हिबिनोंना आपलं जाणं त्या दिवशी असं दोनदा ऐकावं लागलं.

बाईंनी फळ्यांच्या चळतीवर हात टेकला. मग बोलल्या, एकच छोटं वाक्य.

"नाव विचारतायत तुमचं."

"हिबिनो. हिबिनो तेइजो."

कामगाराने ते नाव नदीवरून पलीकडे फेकलं. दवाखान्यातली नर्स सोडली तर चार वर्षांत हे पूर्ण नाव कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. बाईंचे ओठ ते नाव म्हणताना हिबिनोंनी पाहिले. ऐकू आलं नाही, पण हलत होते ते बरोबर.

"आणि त्या ओगिवारा फुमिए," कामगार म्हणाला. "बाई म्हणाल्या, तुम्ही विचारायच्या आधीच सांगा, नाहीतर तुम्ही विचारणार नाही."

हिबिनो वाकले. बाई वाकल्या. पाठ सरळ व्हायला दोघांनाही वेळ लागला.

"आता काढू ना बाकीच्या?" कामगाराने विचारलं, आणि दोघांनीही मान हलवली. तो एकेक फळी सोडवून काठावर नेऊन ठेवत मागे सरकत गेला. घळीत ऊन फार वेळ टिकत नाही. ते कड्यावर चढलं, खाली सावली झाली, गारठा वाढला, तरी दोन्ही काठांवर दोघं तशीच उभी होती. पाठ आधी कोणी फिरवायची हा प्रश्न होता, आणि तीन वर्षांत अशा प्रश्नाचं उत्तर त्यांना कधी पटकन सापडलं नव्हतं.

बाईंनी टोपी कानांवर ओढली, आणि गुडघ्यावर हात ठेवून त्या जरा वाकल्या. डावा गुडघा. हिबिनोंच्या लक्षात आलं की आपण हललो नाही, तर या फुमिए बाई अंधार पडेपर्यंत तिथेच उभ्या राहतील.

म्हणून ते आधी वळले. मागे पाहिलं तर त्या पुन्हा थांबतील, हे ओळखून त्यांनी मागे पाहिलं नाही. खाली स्टेशनपर्यंतच्या वाटेवर त्यांना एकही माणूस भेटला नाही.